‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ (१९३०) : मराठी सबटायटलचं काम कुठवर आलं

आता आधार पहिल्या महायुद्धातल्या जर्मन पोरांवरच्या, लुईस माइलस्टोननं दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाची युनिव्हर्सलनं २०१२ साली काढलेली ब्लू-रे. पाल या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीवर बेतलेली सबटायटलची जुनी फाइल तिच्यावर बसत नाही. पाल सेकंदाला २५ फ्रेमनं पळते, ब्लू-रे २३.९७६ नं. म्हणून जुन्या फाइलमधल्या प्रत्येक वाक्याच्या वेळेला १.०४२७ नं गुणायचं. १००व्या मिनिटाचं वाक्य १०४ मिनिटं १६ सेकंदांवर जातं. ‘सबटायटल एडिट’ या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमदर बदलला की हे होतं. तरी फरक उरला आणि तो सगळीकडे सारखा असेल, तर पूर्ण फाइल सरकवा. मध्येच उडी मारत असेल, तर तिथं प्रसंग कापलेला आहे. या चित्रपटावर कात्री फार चालली, १९३९ साली तर वर निवेदनही चढवलं. त्यामुळे तुकडे पाडूनच जुळवणं बरं. मूक आवृत्तीला ही फाइल लावू नका. तिथं संवादांच्या जागी पाट्या आहेत, तिची फाइल वेगळीच करावी लागेल.

अक्षरांचा घोळ बहुतेक सुटला. ‘दुसऱ्या’, ‘मरणाऱ्या’ यांतला ऱ सुटा, नुक्त्याचाच (खाली टिंब असलेला) टाइप करा. साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशी युक्ती केली, तर काही सॉफ्टवेअर ते चिन्ह गाळतात आणि ‘दुसर्या’ उरतं. संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये जोडाक्षरं नीट दिसतात. काही टीव्हींच्या आतल्या प्लेअरवर मात्र वेलांटी भलत्या जागी जाते. अशांसाठी ‘मुक्ता’ फाँटमध्ये सबटायटलची चित्रं करून त्यांची सप फाइल काढायची आणि एमकेव्ही या व्हिडिओ फाइलमध्ये बांधायची. दोन ओळींतलं अंतर रोमन लिपीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या रफारांत घुसतात.

खरा वेळ गेला तो संबोधनांवर. सैन्यात पोरांना कवायत शिकवणारा हिमलश्टॉस कालपर्यंत गावात टपाल वाटणारा. पोरं आधी त्याच्याशी सलगीनं बोलतात, तो डाफरला की पुढच्याच ओळीत ‘साहेब’. इंग्रजी ‘यू’मध्ये ही उडी ऐकू येत नाही, मराठीत ती द्यायलाच हवी. खड्ड्यात भोसकलेल्या फ्रेंच सैनिकाशी नायक पॉल बोलतो तिथं ‘तू’ शेवटपर्यंत ठेवला. शत्रूवर खेकसणारा आणि मेलेल्याची क्षमा मागणारा ‘तू’ एकच, हे मराठीनं फुकट दिलेलं दान आहे. ‘कॉम्रेड’ मात्र काढला, कारण मराठी कानाला त्यात लाल बावटा ऐकू येतो. ‘सोबत्या’ केलं. ‘फादरलँड’साठी ‘पितृभूमी’ आधी होतं, ते बदलून ‘मायभूमी’ घेतलं. हा शब्द असलेल्या मास्तरांच्या भाषणानं वर्ग लढायला पेटतो. वाचणारा शब्दापाशी अडखळला तर ते पेटणं खोटं वाटतं. पॉल सुट्टीवर येऊन त्याच वर्गात उलट बोलतो, तिथंही हाच शब्द हवा.

जखमी सोबती कॅटला पाठीवर घेऊन पॉल बोलत चालतो, त्या ओळी अजून दुरुस्त व्हायच्यात. कॅट आधीच मेलाय हे पॉलला ठाऊक नाही, म्हणून वाक्य संपताक्षणी सबटायटल गेलं पाहिजे. ते रेंगाळलं की पुढच्या शांततेवर पाय पडतो. पॉल मरतो त्या फुलपाखराच्या शॉटवर एकही अक्षर नको. तिथं फुलपाखराकडे पुढे येणारा पॉलचा हात खुद्द माइलस्टोनचा आहे. त्याआधीच्या ओळीची शेवटची वेळ फ्रेमनिशी तपासायची आहे.