ओसाकातला पावसाळी दिवस : मुले आणि आजींसह छताखालची भटकंती

जपानच्या कान्साई भागात पावसाळा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू होतो आणि साधारण जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत टिकतो. त्या काळात ओसाकाला जाणाऱ्या कुटुंबांनी एखादा तरी दिवस पावसात जाईल असे धरूनच आखणी करावी. तिथे आपल्या श्रावणासारखा ऊन-पावसाचा खेळ नसतो. सकाळी लागलेली रिपरिप कित्येकदा रात्रीपर्यंत चालू राहते आणि ‘जरा उघडू दे, मग निघू’ म्हणून हॉटेलात बसून राहिल्यास दिवस हातचा जातो. आमच्याबरोबर सात वर्षांची मुलगी, बाबागाडीतला धाकटा आणि गुडघ्यांच्या दुखण्याने जपून चालणाऱ्या सासूबाई होत्या, त्यामुळे ठिकाण निवडताना ते किती प्रसिद्ध आहे यापेक्षा स्थानकापासून तिथवर उघड्यावर किती चालावे लागेल, हेच आम्ही आधी पाहिले.

याच कसोटीवर ओसाकाचा किल्ला त्या दिवशीच्या यादीतून वगळला. आजची मुख्य इमारत १९३१ साली काँक्रीटमध्ये बांधलेली असून आत संग्रहालय आणि लिफ्ट आहे, म्हणून पावसाळी दिवसासाठी तो अनेकदा सुचवला जातो. परंतु स्थानकापासून तिथे पोहोचायला विस्तीर्ण उद्यानातून उघड्यावर चालावे लागते. वृद्ध माणसे बरोबर असतील तर किल्ला कोरड्या दिवसासाठीच राखून ठेवावा.

शहराच्या दक्षिणेकडील नांबा भागातून मेट्रोच्या लाल रंगाच्या मिदोसुजी मार्गाने होम्माची आणि तिथे गाडी बदलून हिरव्या चुओ मार्गाने ओसाकाको, असा प्रवास करून आम्ही काइयुकान या मत्स्यालयात पोहोचलो. स्थानकापासूनचे पाचेक मिनिटांचे चालणे उघड्यावर असले तरी रस्ता सपाट आहे. १९९० साली सुरू झालेल्या या मत्स्यालयाची रचना विलक्षण आहे. सरकत्या जिन्याने थेट आठव्या मजल्यावर जायचे आणि मग मधल्या प्रचंड टाकीभोवती हलक्या उताराने फिरत खाली यायचे. जिने चढण्याचा प्रश्नच उरत नसल्यामुळे सासूबाईंना हे ठिकाण सर्वांत मानवले. नऊ मीटर खोल आणि सुमारे ५,४०० टन पाणी मावणाऱ्या त्या टाकीत व्हेल शार्क आहेत. वरच्या मजल्यावर त्या माशाची पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेली रुंद पाठ दिसते, आणि तोच मासा खालच्या मजल्यावर डोक्यावरून सरकताना फिकट पोट दाखवतो. मुलगी प्रत्येक वळणावर ‘आजी, परत तोच आला!’ म्हणून ओरडत होती. कोकणच्या किनाऱ्यावर हा मासा अधूनमधून जाळ्यात सापडतो, पण इतक्या निवांतपणे तो पाहण्याचा योग आपल्याकडे कुठला! तिकिटाचा दर दिवसानुसार बदलतो आणि प्रवेशाची वेळ ठरवून घ्यावी लागते. पावसाच्या दिवशी सारेच इथे वळतात, त्यामुळे आदल्या रात्रीच ऑनलाइन तिकीट काढून सकाळची पहिली वेळ घ्यावी.

दुपारी साकाईसुजी-होम्माची येथे गाडी बदलून आम्ही तेन्जिन्बाशिसुजी रोकुचोमे स्थानकाला गेलो. तिथल्या तीन क्रमांकाच्या दारातून ओसाकाच्या गृहजीवन संग्रहालयाच्या इमारतीत थेट जाता येते, छत्री उघडावीच लागत नाही. नवव्या मजल्यावर १८३० च्या दशकातील ओसाकाची एक गल्ली खऱ्या आकारात उभारली आहे : औषधाचे दुकान, पुस्तकांचे दुकान, सार्वजनिक स्नानगृह, आणि वर प्रकाशयोजनेने उजाडणारे व मावळणारे आभाळ. घरांत शिरताना पादत्राणे काढावी लागतात, म्हणून प्रत्येकासाठी कोरड्या मोज्यांचा एक जोड पिशवीत असू द्यावा; ओल्या मोज्यांनी तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटयांवर, पाय ठेवताना फार संकोच होतो. संग्रहालय मंगळवारी बंद असते आणि संध्याकाळी पाचला आवरते.

इमारतीच्या जवळूनच तेन्जिन्बाशिसुजी ही सुमारे २.६ किलोमीटर लांबीची छतबंद बाजारपेठ दक्षिणेकडे जाते. जपानमधील ही सर्वांत लांब बाजारपेठ मानली जाते. आडवे रस्ते ओलांडतानाच काय ते चार थेंब अंगावर येतात. सुऱ्या, चहा, जुनी पुस्तके, स्वस्त कपडे असे सारे काही इथे आहे, आणि पर्यटकांपेक्षा बाजारहाट करणारी स्थानिक मंडळी अधिक दिसत असल्याने मला तरी ती शिन्साईबाशी या ओसाकातल्याच दुसऱ्या प्रसिद्ध बाजारपेठेपेक्षा अधिक आवडली.

शाकाहारी मंडळींची मात्र पंचाईत होते. उदोन या जाड नूडल्सच्या रश्शात आणि ओकोनोमियाकी या धिरड्यासारख्या पदार्थाच्या पिठात बहुधा माशाचा अर्क असतो, वरून काही घातले नाही तरीही. सासूबाईंनी खारवलेले आंबट प्लम घातलेला भाताचा गोळा, दही, केळी आणि बरोबरचे थेपले यांवर दुपार भागवली.

दिवसभराचे मेट्रो तिकीट प्रौढांना कामाच्या दिवशी ८२० येन, तर शनिवार-रविवार व सुट्टीच्या दिवशी ६२० येनला मिळते. तीन-चार वेळा चढउतार होणार असेल तरच ते घ्यावे. प्रत्येक मोठ्या माणसाबरोबर शाळेत न जाणारी दोन मुले विनामूल्य प्रवास करतात. बाबागाडीसाठी लिफ्टचे दार शोधण्यात वेळ जातो, तेव्हा स्थानकात शिरताच फलकावर ते पाहून ठेवावे. छत्री घरून न्यायची गरज नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात पारदर्शक छत्री सहज मिळते, आणि दुकानांच्या दाराशी ओल्या छत्रीसाठी प्लास्टिकची पिशवी ठेवलेली असते, ती वापरणे अपेक्षित असते. परतताना बाजारपेठेच्या दक्षिण भागातील मिनामिमोरिमाची स्थानकावरून साकाईसुजी मार्गाने निप्पोम्बाशीला उतरावे. तिथून नांबापर्यंत ‘नांबा वॉक’ हा भुयारी बाजार आहे आणि रात्रीचे जेवणही त्यातच उरकता येते.