अ‍ॅशच्या रेघा आणि धड्यात न सांगितलेली अर्धी गोष्ट

सायकॉलॉजीचं पहिल्या वर्षाचं कुठलंही पुस्तक घ्या, सोशल इन्फ्लुअन्सच्या, म्हणजे आपल्यावर पडणाऱ्या लोकांच्या प्रभावाच्या, धड्यात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश असतोच आणि शेजारी ते रेघांचं चित्र. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन, त्यातली कुठली पहिलीएवढी आहे ते मोठ्याने सांगायचं, बस एवढंच. खोलीत सात ते नऊ कॉलेजची पोरं, त्यातलं खरं एकच, बाकीची सगळी आधीच पढवलेली, आणि १८ पैकी १२ वेळा ती सगळी मिळून एकच धडधडीत चुकीचं उत्तर देणार. खऱ्या मुलाचा नंबर मुद्दाम शेवटाकडे ठेवलेला.

पुढे पुस्तक सांगतं की या मुलांची ३७ टक्के उत्तरं गर्दीसारखी चुकली, ७५ टक्के मुलं एकदा तरी गर्दीमागे गेली, म्हणजे माणूस मेंढरासारखाच. झालं, धडा संपला. मी बीएच्या मुलांना हा विषय शिकवते आणि उत्तरपत्रिकेत मला वर्षानुवर्षं हेच वाचायला मिळतं, आणि खरं सांगते, मला त्याचा त्रास होतो, कारण तेच आकडे दुसऱ्या बाजूने वाचा ना! सगळी खोली विरोधात असताना ६३ टक्के उत्तरं बरोबर आली. पाव मुलं एकदाही हलली नाहीत, आणि दरवेळी गर्दीबरोबर जाणारी फक्त ५ टक्क्यांच्या आसपास. १९३५ मध्ये मुझफ्फर शेरीफने अंधाऱ्या खोलीतला हलल्यासारखा भासणारा प्रकाशाचा ठिपका दाखवून लोकांचे अंदाज एकमेकांकडे सरकतात हे दाखवलं होतं, पण तिथे बरोबर उत्तर असं काही नव्हतंच, म्हणून अ‍ॅशला बघायचं होतं की डोळ्यांसमोर उत्तर स्पष्ट असताना माणूस काय करतो. त्याला स्वतःला माणसाच्या स्वतंत्र बुद्धीवर भरवसा होता. १९९० मध्ये फ्रेंड, रॅफर्टी आणि ब्रॅमेल या तिघांनी जुनी-नवी पाठ्यपुस्तकं तपासून दाखवलं की लेखक ही स्वतंत्र राहणाऱ्यांची बाजू गाळत गेलेत, तरी अजून धडे तसेच.

प्रयोगाची ताकद कशात आहे, तर त्याच्या साधेपणात. एकटं बसवून विचारलं तर चुका एक टक्क्याहूनही कमी, त्यामुळे चूक झाली तर ती लोकांमुळेच झाली हे ठामपणे म्हणता येतं. आणि एकेक गोष्ट बदलून बघता येते. विरोधात एकच माणूस असेल तर जवळपास काही फरक नाही, दोन असतील तर थोडा, तीन झाले की जोर जवळजवळ पूर्ण, त्यापुढे माणसं वाढवून फारसं काही होत नाही. खरं बोलणारा एकजण जरी सोबत बसवला तरी गर्दीचा जोर एकदम ओसरतो. उत्तर मोठ्याने न सांगता गुपचूप लिहून द्यायला सांगितलं तरी तेच. म्हणजे बहुतेकांच्या मनात खरं उत्तर शाबूत असतं, अडतं ते बोलताना. अ‍ॅशने नंतर मुलाखती घेतल्या तेव्हा काहींनी आपलंच चुकत असेल असं वाटल्याचं सांगितलं, काहींना फक्त वेगळं दिसायचं नव्हतं, आणि रेघ खरोखरच तशी दिसली म्हणणारे अगदी थोडे. मला हा भाग आकड्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

(सोसायटीच्या मीटिंगला हात वर करून मतदान घेतात तेव्हा मला हा लिहून देण्याचा प्रकार हटकून आठवतो. चिठ्ठी टाकायला लावा, निकाल वेगळा येईल याची मला खात्री आहे.)

आता मर्यादा. सगळी अमेरिकन मुलं, मुलगी एकही नाही, आणि काळ १९५० च्या दशकाचा, सिनेटर मॅकार्थीने कम्युनिस्ट शोधायची मोहीम चालवली तेव्हाचा, वेगळं मत म्हणजे संशय असा. १९८० मध्ये पेरिन आणि स्पेन्सरने इंग्लंडमध्ये इंजिनिअरिंग, गणित आणि केमिस्ट्रीच्या मुलांवर तोच प्रयोग केला तर ३९६ वेळांत फक्त एकदा कोणी गर्दीमागे गेलं. मुलं हा आकडा लिहितात आणि अ‍ॅश बाद करून मोकळी होतात, पण त्याच दोघांनी प्रोबेशनवरच्या, म्हणजे गुन्ह्यानंतर देखरेखीखाली ठेवलेल्या, तरुणांसमोर त्यांच्यावर देखरेख करणारे प्रोबेशन ऑफिसर बसवले तेव्हा आकडे पुन्हा अ‍ॅशच्या जवळ गेले, हे कोणी लिहीत नाही! आणि २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या संशोधकांनी पुन्हा केलं तर ३३ टक्के चुका आल्या, बरोबर उत्तराला पैसे ठेवले तरी २५ टक्के. म्हणजे ती फक्त जुन्या काळची गोष्ट होती असंही म्हणता येत नाही.

बाँड आणि स्मिथने १९९६ मध्ये १७ देशांतले १३३ प्रयोग एकत्र मांडले आणि समूहाला महत्त्व देणाऱ्या समाजांत लोक जास्त मान तुकवतात असं निघालं. गर्दीसारख्या चुका बेल्जियमच्या विद्यार्थ्यांत १४ टक्के आणि फिजीतल्या भारतीय शिक्षकांत ५८ टक्के, असे आकडे धड्यात येतात. पण विद्यार्थी आणि शिक्षक यांची तुलना करायची तरी कशी? आणि समूह म्हणजे कोण? जपानमध्ये अनोळखी लोकांसमोर आकडे अमेरिकेपेक्षा कमी आले आणि एकाच क्लबातल्या मित्रांसमोर बरेच वाढले.

माझ्या मते खरी मर्यादा समोर कोण बसलंय ही आहे, रेघेसारखी क्षुल्लक गोष्ट विचारली ही नव्हे. अ‍ॅशच्या खोलीतली माणसं रोजच्या नात्यातली नव्हती, आणि आपण ज्यांच्यापुढे गप्प बसतो ती काका, मामी, साहेब, शेजारी, रोज भेटतात आणि लग्नाकार्यात तर हमखास. कॉलेजच्या पोरांसमोर मिळालेला आकडा आपल्या घराला लावायचा तर आधी घरच्या माणसांत मोजायला हवं. त्याची सोय आहे. २०१० मध्ये जपानमध्ये मोरी आणि अराई यांनी विशिष्ट चष्मे घालायला देऊन एकाच पडद्यावर एकाला वेगळी रेघ दाखवली, त्यामुळे पढवलेले नट लागलेच नाहीत आणि ओळखीचीच माणसं बसवता आली. त्यांच्याकडे मुलींचे आकडे अ‍ॅशसारखे आले, मुलांचे नाही आले. आपल्याकडच्या एखाद्या कॉलेजात एमएच्या प्रॅक्टिकलला हे सहज होण्यासारखं आहे, एका गटात वर्गमैत्रिणी, दुसऱ्यात अनोळखी, तिसऱ्यात एकाच घरातली चार माणसं. कोणी करणार असेल तर मला खरंच कळवा, मदतीला येईन.