कात्री असलेला पायोनियर: प्रतीक्षा आणि पारख

रत्नागिरीजवळ आमची हापूसची लहानशी बाग आहे आणि पावसाळ्यात तिथे कोय कलमे बांधण्याचे काम मी स्वतः करतो. या कामात घडीचा चाकू दिवसभर खिशात लागतो. बरीच वर्षे माझ्याकडे व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा पायोनियर होता: मिटल्यावर 93 मिलिमीटर लांब, ॲल्युमिनियमच्या खरबरीत नक्षीच्या मुठीचा, आणि मोठे पाते, डबा उघडणी, बाटली उघडणी व भोके पाडायची टोकदार आरी एवढीच साधने असलेला. याच चाकूत कात्रीची भर घालून ‘पायोनियर एक्स’ येणार असल्याचे कळले, तेव्हापासून तो हाती येईपर्यंत आणि नंतरच्या पावसाळ्यात त्याची जी पारख मी केली, ती येथे मांडत आहे.

कात्रीची मला एवढी ओढ का होती, हे कोय कलम बांधणाऱ्याला लगेच कळेल. रुजलेल्या कोयीचे तांबूस, कोवळे रोप खुंट म्हणून घेऊन त्याचा शेंडा छाटतात, मधोमध उभा छेद देतात आणि पाचरीसारखी तासलेली कलमकाडी, म्हणजे हव्या त्या जातीच्या झाडाची काडी, त्या छेदात बसवून वरून पॉलिथिनची पट्टी घट्ट गुंडाळतात. गाठ मारल्यानंतर पट्टीचे उरलेले टोक कापायचे असते. तिथे चाकू चालवायचा म्हणजे पट्टी ताणून धरावी लागते, आणि त्या ताणाने नुकतीच बसवलेली काडी केसभर जरी सरकली तरी खुंटाची व काडीची साल एकमेकींपासून ढळते. कात्रीला तो ताण लागत नाही. त्यामुळे मी वेगळी कात्री दोरीने गळ्यात अडकवून काम करत असे, आणि ती पावसात भिजून दरवर्षी गंजत असे.

पायोनियरमध्ये कात्री इतकी वर्षे का नव्हती, याचे उत्तर त्याच्या घराण्यात आहे. स्वित्झर्लंडमधील श्वीझ प्रांतातल्या इबाख येथे कार्ल एल्सेनर यांनी 1884 मध्ये या कंपनीचा कारखाना सुरू केला आणि 1891 मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू पुरवले. सैनिकाचा चाकू दणकट आणि मोजक्या साधनांचा असावा, ही अपेक्षा तेव्हापासूनची. 1897 मध्ये अधिकाऱ्यांसाठी हलका आणि अधिक साधनांचा चाकू निघाला आणि पुढे कात्री, करवत वगैरे साधने त्या शाखेत वाढत गेली. सैनिकी शाखा मात्र बराच काळ साधीच राहिली. पायोनियर हा 1961 च्या सैनिकी चाकूच्या घडणीवर बेतलेला आहे. त्यामुळे ज्याला कात्री हवी त्याने प्लॅस्टिकच्या मुठीचा, पातळ पात्याचा 91 मिलिमीटरचा चाकू घ्यावा आणि ज्याला धातूची मूठ व जाड पाते हवे त्याने कात्रीविना राहावे, अशी ती वाटणी होती. काही हौशी कारागीर दोन चाकू सुटे करून त्यांतून एक जोडून घेत, इतकी या जोडीची मागणी होती.

नवा चाकू येण्यापूर्वी मी माझ्या अपेक्षा वहीत लिहून काढल्या, कारण नवी वस्तू हातात आली की तिच्या चकचकीतपणाने मन आधीच तिच्या बाजूला झुकते. पहिली अपेक्षा अशी की जुन्या चाकूत जे उत्तम होते, म्हणजे पाते, आरी आणि पकड, त्यांत तडजोड झालेली नसावी. दुसरी, कात्रीने भिजलेली पॉलिथिनची पट्टी न दुमडता कापावी. तिसरी, वाढलेली जाडी खिशात आणि मुठीत सोसावी.

पुण्यातल्या एका दुकानात मी दोन-तीन नग मागवून घेऊन शेजारी शेजारी पाहिले. चाकू मिटवून उजेडासमोर धरला की थरांमधल्या फटी दिसतात. पाते उघडे ठेवून हलक्या हाताने डावी-उजवीकडे दाबले की ते डुगडुगते का हे समजते. आणि प्रत्येक साधन उघडताना व मिटवताना आतल्या कमानीचा (स्प्रिंगचा) स्पष्ट ‘खट्’ असा ठोका यावा लागतो. कात्रीसाठी मी पाकिटातून पॉलिथिनची पट्टी नेली होती. कात्री निव्वळ मध्यभागी कापते की टोकापर्यंत कापते, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे, कारण गाठीजवळ टोकच वापरले जाते. दुकानदाराने शांतपणे हे सर्व करू दिले, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. कात्रीबद्दल निःसंकोच सांगतो की तिने कामाची रीतच बदलली. गाठ मारून झाली की एका हाताने कलम धरून दुसऱ्या हाताने पट्टीचे टोक उडवता येते, काडी जागची हलत नाही. कलमकाडीची पाने आठवडा-दहा दिवस आधी देठाचा थोडा भाग ठेवून काढावी लागतात, त्या कामातही कात्री पात्यापेक्षा सुरक्षित ठरली, कारण पाते निसटले तर नेमका काडीचा डोळा, म्हणजे फुटणारा कोंब, दुखावतो. पाचरीचा छेद मात्र मी पूर्वीप्रमाणेच धार एकाच अंगाने तासलेल्या कलमचाकूने घेतो. पायोनियरच्या पात्याची धार दोन्ही अंगांनी तासलेली असल्याने लांब तिरका काप किंचित फुगीर येतो, आणि ही मर्यादा जुन्या चाकूतही होती.

आंब्याचा चीक ही कात्रीची कसोटी. तो बिजागरीत शिरून वाळला की कात्रीची बारीक स्प्रिंग तिला पुन्हा उघडू शकत नाही. मी दुपारी आणि संध्याकाळी स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्याने पाती पुसतो, रात्री कोमट पाण्यात चाकू उघड-मीट करून वाळवतो आणि सांध्यांत तेलाचा एकेक थेंब सोडतो. एवढ्या निगेवर कोकणच्या दमट हवेतही गंज धरलेला नाही. धारेच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी: या कंपनीच्या चाकूंत पात्याचे पोलाद रॉकवेल मापावर 56 इतके कठीण असते, तर कात्रीचे 53, म्हणून कात्रीने तार किंवा वाळलेली काडी कापण्याचा मोह टाळावा. पात्याला दगडावर प्रत्येक बाजूने 15 ते 20 अंशांचा कोन ठेवून धार लावली की ती लवकर येते.

जाडीचा प्रश्न मला सर्वांत जास्त विचार करायला लावणारा ठरला. जुना चाकू साधारण 70 ग्रॅमचा, नवा 95 च्या आसपास. सदऱ्याच्या खिशात जुना असल्याचे जाणवत नसे, नव्याने खिसा स्पष्टपणे ओढला जातो. उलट मुठीत भरीवपणा आल्याने ओल्या हातांनी आरीने पिशव्यांना भोके पाडताना किंवा सुतळी कापताना पकड अधिक भक्कम झाली आहे. पाते आणि आरी यांत मला कोणताही फरक आढळला नाही, आणि माझ्या वहीतली पहिली अट तीच होती.

ज्यांना फळ कापणे, पाकीट फोडणे एवढेच काम असते, त्यांनी कात्रीसाठी हे वजन बाळगू नये. त्यांच्यासाठी दोन थरांचा जुना पायोनियरच अधिक योग्य आहे, आणि प्रवासात मीही तोच घेतो. बागेसाठी नवा कायम झाला आहे. पुढची आवृत्ती निघालीच तर तिच्या आरीला दोरा ओवण्यासाठी छिद्र असावे, एवढीच मागणी माझ्या वहीत शिल्लक आहे, कारण काड्या बांधून आणण्याची गोणपाटे फाटली की शिवायला दाभण शोधत घरापर्यंत जावे लागते.