दिवे घाटापलीकडच्या जमिनी

हडपसर मागं पडलं आणि ज्ञानेश्वर माउलींची पालखी सासवड रस्त्याला लागली की फुरसुंगी, उरुळी देवाची, वडकी हा सगळा पट्टा माझ्या पायाखालचा. कुठला गट एनए, म्हणजे बिगरशेती, झालाय, कुठं गुंठेवारीत तुकडे पडलेत, कुठल्या सातबाऱ्यावर बहिणींची नावं अजून मालकांच्या रकान्यात नसून इतर हक्कात आहेत, हे मी चालता चालता सांगू शकतो. मी जमिनीच्या खरेदी-विक्रीचं काम करतो. नव्वदच्या दशकात या धंद्यात आलो तेव्हा हडपसरला उसाचे फड होते. मगरपट्ट्यातल्या शेतकरी कुटुंबांनी जमिनी विकून मोकळं होण्याऐवजी त्या एकत्र केल्या आणि स्वतःच शहर वसवलं, ते डोळ्यांसमोर घडलं. पुढं २०१६ ची नोटाबंदी, २०१७ ला बांधकाम धंद्यावर देखरेख करणारं महारेरा, करोनाच्या वर्षी मुद्रांक शुल्क कमी झालं तेव्हा नोंदणी कार्यालयाबाहेरच्या रांगा, सगळं बघितलं.

या कामाला सुट्टी नसते. गिऱ्हाइकाला साइट रविवारीच बघायची असते. शेतकऱ्याच्या घरची बैठक रात्रीच बसते, कारण दिवसा तो रानात असतो आणि चारही भाऊ एका ठिकाणी सापडतात ते जेवणानंतर. इसार झाला की साठेखत, म्हणजे पुढच्या खरेदीचा करार, मग मोजणी, मोजणीत हद्दीचा वाद. डोक्यात कायम कुणाचा तरी गट नंबर फिरत असतो. आमच्याकडे वारी आहे ती बायकोच्या माहेराकडून. ती दरवर्षी चालायची. मी तिला आळंदीला सोडायचो आणि पंढरपूरच्या अलीकडं वाखरीला गाडी घेऊन आणायला जायचो. गेल्या वर्षी तिच्या दिंडीतच चाललो.

पुणे ते सासवड हा वारीतला सगळ्यांत लांबचा टप्पा, त्यात बहुतेक एकादशीचा उपास. दिवे घाटाच्या पायथ्याला माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. खाली मस्तानी तलाव, वर वळणावळणानं पांढऱ्या टोप्यांची रांग. या घाटातून मी आजवर गाडीनं इतक्या वेळा गेलोय, ते पलीकडच्या जमिनींसाठी. पुरंदरच्या विमानतळाची घोषणा झाल्यापासून तर तिकडच्या सात गावांतली आणि आसपासची चौकशी थांबलेलीच नाही. या वेळी शेजारी एक पखवाजवाला होता, त्याची थाप चुकू नये म्हणून मी पाय उचलत होतो, आणि घाटमाथ्यावर पोचल्यावर लक्षात आलं की उजवीकडच्या डोंगरउताराची किंमत मी मनात केलीच नव्हती.

वारीचा दिवस बांधलेला असतो. पहाटे काकडा, पालखी निघाली की चाल, न्याहारीचा विसावा, पुन्हा चाल, दुपारचं जेवण, परत चाल, संध्याकाळी समाजआरती, मग हरिपाठ आणि कीर्तन. विसावा आला की बसायचंच. अजून ताकद आहे म्हणून पुढं निघालो, असं चालत नाही. रथापुढच्या २७ दिंड्या, मागच्या त्याहून कितीतरी जास्त, प्रत्येकीचा क्रम ठरलेला. पुढं जाऊन कुणाला काही मिळत नाही. माझं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या आधी सातबारा हातात पडावा यासाठी धावण्यात गेलेलं, त्यामुळे या गोष्टीनं मला फार शांत केलं.

जमिनीचा माणूस म्हणून मला सगळ्यांत जास्त ओढ लागली ती मुक्कामाच्या जागांची. दिंडीचा ट्रक सकाळीच पुढं जातो, राहुट्या ठोकतो, आणि आपण पोचतो तेव्हा चूल पेटलेली असते. कुठली दिंडी कुठल्या रानात उतरायची हे पिढ्यांपासून चालत आलेलं. ना भाडं, ना करार. तरडगावच्या पुढं ज्या शेतकऱ्याच्या रानात आम्ही उतरलो, तो बाजरीची पेरणी त्या एका पट्ट्यात पालखी पुढं गेल्यावरच करतो. ‘‘आज्यापासून हाय, माउली,’’ एवढंच म्हणाला. पालखी मार्गाच्या चौपदरीकरणात त्याची थोडी जमीन गेली, मोबदला मिळाला, पण उरलेल्यातही दिंडीचा पट्टा त्यानं मोकळाच ठेवला. रस्त्याकडेच्या त्या पट्ट्याचा आजचा भाव मला माहीत आहे. त्यालाही तो नक्कीच माहीत होता.

त्याच राहुटीत माझं काम मला नव्यानं भेटलं. हरिपाठ झाल्यावर कुणीतरी बोलून गेलं की हे पुण्याचे दादा जमिनीचं बघतात. दुसऱ्या दिवशी पिशवीतून घड्या पडलेले उतारे बाहेर यायला लागले. वारीत चालणारा बहुतेक माणूस शेतकरी, आणि घरोघर एक तरी कागद अडकलेला. वडील वारले, वारसनोंद राहिली. पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारं म्हणून नोंदलेलं, क्षेत्र लागवडीखाली आणलं, उताऱ्यावर तसंच. भावाभावांत तोंडी वाटण्या झाल्या, सातबारा अजून सामाईक. सगळ्यांची संमती असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप करून घेता येतं, कोर्टात जायची गरज नाही, हे ऐकून एक जण माझ्याकडे बघतच राहिला. त्यांचे दोघे भाऊ वारीतच होते, शेजारच्या राहुटीत.

एक मावशी, तुळस घेऊन चालणाऱ्या, माझ्या बायकोच्या रांगेतल्या. बीड जिल्ह्यातल्या. त्यांनी साडीच्या घडीत ठेवलेला उतारा दिला. भाऊ म्हणतोय, सही कर.

‘‘मावशी, कशावर सही?’’

‘‘हक्कसोड म्हणतोय.’’

मी सांगितलं, महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा आहे. हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं, जबरदस्तीनं कुणी करून घेऊ शकत नाही, आणि एकदा सही केली की मागं फिरणं फार अवघड. करायचं तर समजून, मनापासून करा. त्यांनी सगळं ऐकलं, उतारा परत घडीत ठेवला. म्हणाल्या, ‘‘भाऊ वाईट न्हाई, दादा. त्याला वाटतं रीतच हाय. पांडुरंगाला भेटून येते, मग बसू दोघं.’’

याच कामाची मी आयुष्यभर दलाली घेतली आणि ती घामाची होती, त्याबद्दल मला अभिमान आहे. पण कंदिलाच्या उजेडात एखाद्याला गाव नमुना सहामधला फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, समजावताना जे समाधान मिळालं, ते कुठल्याच खरेदीखतानं दिलं नव्हतं. धंदा सोडावा असं मला वारीत एकदाही वाटलं नाही. तो किती करायचा आणि उरलेलं ज्ञान कुणासाठी खर्च करायचं, हे मात्र दिसायला लागलं.

लोणंदच्या समाजआरतीत एक गोष्ट पाहिली. सोहळ्याची शिस्त सांभाळणाऱ्या चोपदारांनी दंड उंच केला आणि एवढा अफाट समाज क्षणात गप्प झाला. एका दिंडीचे टाळ तेवढे वाजत राहिले. म्हणजे त्यांची काही तक्रार होती. चोपदार तिथं गेले, ऐकून घेतलं, तोडगा निघाला, टाळ थांबले, मग हरवल्या-सापडल्याच्या वस्तू पुकारल्या आणि आरती झाली. रात्र पडायच्या आत भांडण मिटलं. मी असे बांधाचे दावे पाहिलेत ज्यांत वादी आणि प्रतिवादी दोघेही गेले आणि तारखेला नातू उभे राहतात. त्या मैदानात उभा राहून मी ठरवलं की यापुढं माझ्याकडे हद्दीचा वाद आला, तर वकिलाच्या आधी दोघांना समोरासमोर बसवायचं.

एका मोठ्या व्यवहाराची नोंदणी त्याच पंधरवड्यात होती, ती भागीदारानं केली. बायकोबरोबर एवढा सलग वेळ लग्नानंतर प्रथमच मिळाला. ती पुढं बायकांत, मी मागं टाळकऱ्यांत, पण विसाव्याला ताट एकत्र. दिंडीतल्या प्रत्येकाच्या घरचं तिला माहीत असतं, हे मला तिथं कळलं.

आता ऑफिस दिवेलागणीला बंद होतं. शनिवारी दुपारी दार उघडं असतं ते उतारे वाचून द्यायला, त्याचे पैसे नाहीत. तरडगावकडचे तिघं भाऊ वाटपाचा अर्ज घेऊन येऊन गेले. मावशींचा फोन दिवाळीत आला. हक्कसोड झाली नाही. भावानंच वारसनोंदीचा अर्ज दिला, दोघांची नावं लागली, जमीन तोच कसतो आणि ज्वारीची दोन पोती बहिणीकडे जातात. पण उताऱ्यावर मावशींच्या नावात एक अक्षर चुकलंय. कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज करावा लागेल, तो मी लिहून पाठवलाय.