बनावट बिल आणि दुकानाची बदनामी: माझा अनुभव

आमच्या नाशिकच्या पैठणीच्या दुकानाबद्दल फेसबुकवर एक पोस्ट फिरू लागली. यंत्रमागाची साडी हातमागाची म्हणून 38,000 रुपयांना गळ्यात मारली, असा आरोप. सोबत साडीचा फोटो आणि आमच्या नावाचं बिल. अशा वेळी 'सगळं खोटं आहे' म्हणून भागत नाही. नेमकं कोणतं विधान खोटं आणि ते कशावरून, हे आधी वेगळं काढावं लागतं. 'माल महाग, वागणूक वाईट' हे मत झालं, आणि ते मांडायचा गिऱ्हाइकाला पूर्ण हक्क आहे.

फोटोतली साडी खरोखरच यंत्रमागाची होती. उलट्या बाजूला कापलेले धागे लोंबत होते. हातमागाच्या पैठणीत पदरावरचा मोर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. खोटं होतं ते बिल. जीएसटी क्रमांकात 15 अंक-अक्षरं असतात, त्यावर 14 च होती. शिवाय त्या नंबरचं खरं बिल आमच्या बिलबुकात होतं, दुसऱ्याच मालाचं आणि दुसऱ्या तारखेचं.

पुढचं सगळं या बिलावर फिरलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली अब्रूनुकसानीला 2 वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे, पण गुन्हा अदखलपात्र. पोलीस त्यात एफआयआर घेत नाहीत. न्यायदंडाधिकाऱ्यांकडे स्वतः फिर्याद द्यावी लागते. कितीतरी जण इथूनच निराश होऊन परततात. मात्र बदनामीच्या हेतूने बनावट कागद तयार केला असेल तर कलम 336(4) लागतं: 3 वर्षांपर्यंत कैद आणि दंड, आणि गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलीस थेट एफआयआर घेऊ शकतात. म्हणून सायबर पोलीस ठाण्यात दिलेल्या अर्जाची सुरुवातच आम्ही बिलापासून केली आणि खऱ्या बिलाची प्रत जोडली. अर्जात आयटी कायद्याचं कलम 66अ (आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराबद्दलचं) मात्र टाकू नका. काही जुन्या नमुन्यांत ते अजून सापडतं, पण सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्येच श्रेया सिंघल खटल्यात ते रद्द केलं आहे.

पुरावा पोस्ट दिसताक्षणी घ्यायचा, पहिला फोन कोणालाही करण्याआधी. नुसता कापलेला स्क्रीनशॉट कच्चा पडतो. पोस्टची पूर्ण लिंक, प्रोफाइलची लिंक (नाव बदलता येतं), तारीख-वेळ, कमेंट आणि शेअरचा आकडा दिसेल असं स्क्रीन रेकॉर्डिंग करा. कोर्टात याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग: एक आपण भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा तिचा डिजिटल ठसा) येते. ज्या फोनवर रेकॉर्ड केलं तो फॉरमॅट करू नका, विकूही नका. आणि कमेंटमध्ये 'चोर', 'खंडणीखोर' असं काही लिहू नका, नाहीतर उलट नोटीस आपल्यालाच येईल.

फेसबुकच्या तक्रार अधिकाऱ्याकडेही आम्ही तक्रार केली. पोच 24 तासांत द्यायची असा नियम आहे. उत्तर अपेक्षित तेच आलं: कोर्टाचा आदेश आणा. कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश आल्यावरच मजकूर काढणं बंधनकारक, असं श्रेया सिंघल निकालात म्हटल्यामुळे कंपन्या असं म्हणू शकतात. त्यावर 30 दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन दाद मागता येते.

दरम्यान वकिलांनी रजिस्टर्ड ए.डी.ने नोटीस पाठवली. पोस्टमधली वाक्यं जशीच्या तशी अवतरणात, प्रत्येकाखाली ते खोटं का, आणि मागणी: पोस्ट काढा, माफीनामा टाका. भरपाईच्या दिवाणी दाव्याची मुदत पोस्ट प्रसिद्ध झाल्यापासून अवघी 1 वर्ष आहे (फौजदारी फिर्यादीला 3), म्हणून नोटिशीच्या उत्तराची वाट पाहत वर्ष घालवणं परवडत नाही. पोस्ट अजून दिसते म्हणून मुदत रोज नव्याने सुरू होते, या समजावरही विसंबू नये; दिल्ली उच्च न्यायालयाने 2013 मध्ये ती पहिल्या प्रसिद्धीपासूनच मोजली आहे. कोर्ट फी मागितलेल्या रकमेनुसार वाढते, त्यामुळे सिद्ध करता येईल तेवढंच नुकसान मागावं. रद्द झालेल्या ऑर्डरींचे मेसेज तिथे कामी येतात.

पोलिसांनी बोलावल्यावर पोस्ट टाकणाऱ्या माणसाने ती काढली. 'कोणाचं मन दुखावलं असल्यास क्षमस्व' हा त्याचा पहिला माफीनामा आम्ही नाकारला. बिल बनावट होतं आणि ती साडी या दुकानातली नव्हती, ही दोन वाक्यं त्यात लिहून घेतली, ती त्याच प्रोफाइलवरून सार्वजनिक टाकायला लावली, आणि ज्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मूळ पोस्ट गेली होती तिथे या माफीनाम्याची लिंक पाठवली.