तुम्ही विचारलंत म्हणून : बेरीज नऊ

मिरजेहून फोन आला की आत्या विचारते. मंडळाच्या गणपतीत नव्याने ओळख झालेले लोक विचारतात, ऑफिसातले विचारतात. प्रश्न एकच असतो: "अहो, एवढ्या पैशात नवी कोरी गाडी आली असती. ही साठीला टेकलेली, एसी नसलेली, पावसात हुडामधून गळणारी दोन माणसांची गाडी कशाला सांभाळता?" उभ्याउभ्या देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून मी हसून विषय बदलत आले. आज नीट बसून सांगते.

माझी गाडी म्हणजे १९६६ची एमजीबी, उघडी इंग्लिश स्पोर्ट्स कार. रंग दुधावरच्या सायीचा. कंपनीने त्याला 'ओल्ड इंग्लिश व्हाइट' असं नाव दिलं होतं. एमजी म्हटलं की भारतातले नातेवाईक हेक्टर का म्हणून विचारतात. नाव तेच, पण ते नाव आता चिनी कंपनीच्या मालकीचं आहे आणि २०१९पासून त्या नावाच्या गाड्या गुजरातेत हालोलला बनतात. मूळ एमजी म्हणजे 'मॉरिस गॅराजेस'. ऑक्सफर्डमध्ये विल्यम मॉरिसची गाड्या विकण्या-दुरुस्तीची पेढी होती. सेसिल किंबर १९२२मध्ये तिचा व्यवस्थापक झाला आणि मॉरिसच्या साध्या गाडीच्या सांगाड्यावर हलक्या, देखण्या बॉड्या चढवायला लागला. त्यातून एमजी जन्मली. पुढे ऑक्सफर्डच्या दक्षिणेला दहाएक किलोमीटरवर, ॲबिंग्डन गावात तिचा कारखाना उभा राहिला आणि माझी गाडी तिथेच जोडली गेली. मी इंग्लंडात राहते तिथून तो पत्ता अर्ध्या तासावर आहे.

पण माझं उत्तर ॲबिंग्डनला सुरू होत नाही, मिरजेला सुरू होतं.

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तिथे पत्र्याच्या शेडमधलं गॅरेज होतं. दुरुस्तीला मुख्यतः ॲम्बॅसडर यायच्या. डॉक्टरांच्या, सरकारी, लग्नाच्या वऱ्हाडाला भाड्याने जाणाऱ्या. शाळा सुटली की मी तिथे जायची आणि माझं काम ठरलेलं असायचं: इंजिन हाताने फिरवायचं हँडल फिरवायचं. चारही प्लग काढून ठेवले की इंजिनात दाब राहत नाही, आणि मग हँडल दहा वर्षांच्या मुलीच्या हातानेही फिरतं. अण्णा टॅपेट कव्हर, म्हणजे व्हॉल्व्हवरचं झाकण, काढून वाकून बसलेले असायचे. आठ व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या झडपा, एका ओळीत, एक वर येतो, एक खाली जातो. कुठला कधी सेट करायचा, म्हणजे त्याची बारीक फट कधी जुळवायची? अण्णांनी मला सांगितलं, "बेरीज नऊ." आठवा पूर्ण उघडला की पहिला सेट करायचा. सहावा उघडला की तिसरा. चौथा उघडला की पाचवा. उघडा असलेला आणि हातात घ्यायचा, या दोघांची बेरीज नेहमी नऊ. मी हँडल फिरवत मोठ्याने ओरडायची, "सातवा उघडला!" आणि अण्णा म्हणायचे, "मग घे दुसरा." पाढे पाठ व्हायच्या आधी ही बेरीज पाठ झाली होती.

नोकरीच्या निमित्ताने इंग्लंडला आले, वर्षं गेली. २००९च्या वसंतात एका सहकाऱ्याबरोबर जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला गेले. सहज गेले होते. एका उघड्या एमजीबीच्या मालकाने बॉनेट वर केलं आणि मी थबकले. ते इंजिन माझ्या ओळखीचं होतं. टॅपेट कव्हर तेच, वरचे दोन नट तेच, कार्बोरेटर आणि सायलेन्सरचा मॅनिफोल्ड एकाच अंगाला, तसेच. इथे दोन कार्बोरेटर होते आणि ॲम्बॅसडरला एक, एवढाच काय तो डोळ्यांना दिसणारा फरक. मी त्या अनोळखी माणसाला विचारलं, याच्या टॅपेटची गॅप पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश ना? तो चकित होऊन माझ्याकडे बघतच राहिला.

नंतर वाचलं तेव्हा सगळं जुळलं. ॲम्बॅसडर म्हणजे मुळात मॉरिस ऑक्सफर्ड, तिसऱ्या मालिकेची. तिच्यात बसलं ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं 'बी सिरीज' इंजिन, १,४८९ सीसीचं. तेच इंजिन १९५५च्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये होतं. १९६२मध्ये एमजीबी आली तेव्हा त्याच घराण्याचं इंजिन वाढवून १,७९८ सीसीचं केलेलं होतं. उत्तरपाड्याला बनलेली डॉक्टरांची सावकाश चालणारी पांढरी गाडी आणि इथे तरुण पोरं-पोरी हुड खाली करून समुद्रावर घेऊन जायची ती गाडी, या दोघी चुलतबहिणी आहेत. त्या रात्री अण्णांना फोन केला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "घ्यायची असेल तर आधी लोहचुंबक घेऊन जा."

लोहचुंबक कशाला, ते या गाड्यांवर जीव असलेल्या कुणालाही माहीत असतं. एमजीबीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही. दारांखाली जो पोकळ पट्टा धावतो, ज्याला इथे सिल म्हणतात, त्याच्यावर सगळी गाडी पेललेली असते. आतला, मधला आणि बाहेरचा असे तीन पत्रे. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते पाण्याबरोबर तिथे शिरतं आणि आतून पत्रा खातं. बाहेरून रंग झकास असतो. मी मऊ फडक्यात लोहचुंबक गुंडाळून पहिली गाडी बघायला गेले. दारापुढे धरलं तर पकडलं. खाली सिलवर धरलं तर निसटून पडलं. तिथे पत्रा नव्हताच, नुसती पुट्टी भरून वर रंग मारला होता. विकणारा म्हणत होता की गाडी कधी पावसात गेलीच नाही. अशा तीन पाहिल्या. चौथी, म्हणजे माझी, गंजलेली होतीच, पण मालकिणीने काही लपवलं नव्हतं. सिल कापून नवे घालताना दाराच्या चौकटीला आतून आडवा दांडा वेल्ड करून ठेवावा लागतो, नाहीतर गाडी मधोमध खचते आणि दार पुन्हा कधी नीट लागत नाही. ते काम मी जाणत्या वेल्डरकडून करून घेतलं. बाकीचं बहुतेक माझ्या हातचं आहे.

आता ती देते काय, हा खरा प्रश्न. वेग नाही देत. ताशी शंभर मैलांच्या जरा पुढे तिची धाव संपते, आणि थांबलेली गाडी साठ मैलांवर यायला बारा सेकंद लागतात. आजची साधी घरगुती गाडीही तेवढं करते. पण वाँटेजहून लॅम्बर्नकडे डोंगरमाथ्यावरून रस्ता जातो, बाजूला रेसच्या घोड्यांची कुरणं आहेत. तिथे एप्रिलच्या सकाळी हुड उतरवून पन्नास मैलांनी निघावं. बसायची जागा इतकी खाली की दाराबाहेर हात सोडला तर रस्ता जवळच. गिअरचा दांडा बोटभर हलतो आणि खट्कन बसतो. वळणावर पुढच्या चाकाखाली खडी आली की स्टिअरिंगमधून तळहाताला कळतं. पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे चालत्या गाडीत गिअर अलगद बसू देणारी सोय, नाही, त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकायचा नाही. ॲम्बॅसडरचंही तसंच होतं. ही गाडी माझ्यापासून काही झाकून ठेवत नाही. जे चाललंय ते ऐकू येतं, हाताला लागतं, वासाने कळतं. मला ती आवडते ती यासाठी. माझ्या रोजच्या गाडीत दिवा लागतो आणि पडद्यावर 'केंद्राशी संपर्क साधा' असं येतं. ती गाडीही चांगली आहे. पण तिच्यात मला प्रवेश नाही.

कार्बोरेटर जुळवणं हे माझं सगळ्यात आवडतं काम. पेट्रोल आणि हवा मिसळणारे दोन कार्बोरेटर, एसयू बनावटीचे, दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे. यंत्रं मिळतात त्यासाठी, पण मी रबरी नळीचा तुकडा वापरते. एक टोक कानाला, दुसरं पहिल्या कार्बोरेटरच्या तोंडाशी. सूं असा आवाज येतो. मग दुसऱ्याशी. एकाचा सूर चढा असेल तर स्क्रू पाव फेरा फिरवायचा, पुन्हा ऐकायचं. दोन्हीकडचा सूर एक झाला की इंजिनाची थरथर बसते. ते तंबोरा लावण्याइतकंच बारीक काम आहे. मग वरच्या टोप्या उघडून पिस्टनच्या नळीत पातळ तेल घालायचं. अण्णाही टोपी फिरवून असंच तेल घालायचे.

आणि माणसं. एका मार्चमध्ये, हिवाळाभर उभी राहिलेली गाडी बाहेर काढली आणि वाँटेजच्या अलीकडे बंद पडली. किल्ली फिरवली की मागून पेट्रोल पंपाची टिकटिक यायला हवी, ती येईना. मागून एक लाल ट्रायम्फ स्पिटफायर आली आणि थांबली. जुनी गाडी रस्त्याकडेला दिसली की जुन्या गाडीवाला थांबतोच. म्हाताऱ्या गृहस्थांनी उजव्या मागच्या चाकाजवळ वाकून पंपावर पान्याने हलकेच दोन टकटका मारले. टिकटिक सुरू. पडून राहिल्याने पंपाचे विजेचे पॉइंट चिकटले होते. मग रस्त्याकडेला अर्धा तास गप्पा. त्यांच्या स्पिटफायरखाली ट्रायम्फ हेराल्डचीच आखूड केलेली चासी आहे आणि ती हेराल्ड आमच्याकडे मद्रासला 'स्टँडर्ड हेराल्ड' म्हणून बनायची, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते ठाऊक नव्हतं. फार आनंद झाला त्यांना.

या गाड्या श्रीमंतांच्या नव्हत्या, हे मला महत्त्वाचं वाटतं. १९६१ची जग्वार ई-टाइप बघून डोळे निवतात, पण ती स्वप्नातली. एमजीबी मात्र पगारावर जगणाऱ्याने हप्त्यांनी घेतली. अठरा वर्षांत पाच लाखांहून जास्त बनल्या, त्यातल्या कितीतरी अमेरिकेला गेल्या. १९७४च्या अखेरीस अमेरिकेच्या नियमांसाठी क्रोमच्या जागी काळे रबरी बंपर आले, गाडीची उंची वाढवावी लागली, आणि शौकिनांनी त्या गाड्यांना नाकं मुरडली. मला ते पटत नाही. त्याच गाड्यांनी ॲबिंग्डनच्या कामगारांची चूल आणखी सहा वर्षं पेटती ठेवली. १९७९च्या सप्टेंबरमध्ये गावाने कारखान्याची पन्नाशी साजरी केली, आणि लगोलग कारखाना बंद होणार असल्याची घोषणा झाली. ऑक्टोबर १९८०मध्ये शेवटची एमजीबी बाहेर पडली. एमजी कार क्लबची कचेरी मात्र आजही ॲबिंग्डनमध्येच आहे, किंबरच्या नावाच्या वास्तूत. आणि १९८८पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज मूळच्याच साच्यांवर एमजीबीची आख्खी नवी बॉडी दाबून देते. बंद पडलेल्या कारखान्याची गाडी, आणि तिचा जवळजवळ प्रत्येक भाग आज नवा मिळतो. हे कुठल्या कंपनीच्या कृपेने झालं नाही, मागणाऱ्यांनी मागणं सोडलं नाही म्हणून झालं.

२०१३च्या जूनमध्ये अण्णा आले, पहिल्यांदा आणि एकदाच. मोतीबिंदूमुळे त्यांना बारीक दिसत नव्हतं. गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "फीलर गेज आण." इंजिन थंड होतं. टॅपेट कव्हर उतरवलं, बुचाचं पॅकिंग जपून बाजूला ठेवलं. फीलर गेज म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा. त्यातली पंधराची पट्टी मी शोधून दिली, कारण तिच्यावरचा आकडा त्यांना वाचता येत नव्हता. पुढचं सगळं त्यांनी बोटांनीच केलं. पट्टी सरकताना किंचित धरली पाहिजे, अडकता कामा नये. "वाजणारा टॅपेट चालतो," ते म्हणाले, "गप्प झालेला व्हॉल्व्ह जाळतो." या गाडीला हँडल नाही. म्हणून प्लग काढून चौथा गिअर टाकला आणि मी मागून डिक्कीला दोन्ही हात लावून गाडी ढकलायला लागले, वीतभर, आणखी वीतभर.

"थांब!" अण्णा बॉनेटखालून ओरडले. "आठवा उघडला. आता कितवा?"