विसावा माणूस

भोसरी एमआयडीसीत आमचा छोटा गाळा आहे. दोन सीएनसी, तीन व्हीएमसी (धातू कापणारी संगणकी मशिनं), ड्रिलिंग-टॅपिंगची जुनी मशिनं आणि मागच्या बाजूला पॅकिंग. अण्णा, म्हणजे माझे वडील, थकले तेव्हा मी बँकेतली नोकरी सोडून त्यांच्या खुर्चीत बसले. किल्ल्या देताना अण्णा म्हणाले होते, "एकोणीसच्या वर जाऊ नकोस."

आमच्या भागात कुठल्याही छोट्या कारखानदाराला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ, २० माणसं झाली की लागू होतो. ईएसआय, म्हणजे कामगार विमा योजना, दहालाच लागते, ती अण्णांच्या काळापासून होती. पीएफ मात्र नको, म्हणून मीही दोन वर्षं हजेरीपट एकोणीसवर धरून ठेवला. काम वाढलं की ओव्हरटाइम, तरी नाही भागलं तर ठेकेदाराची चार पोरं. त्या वेळी मला यात स्वतःची हुशारी वाटायची, हेही कबूल करते.

२०२२च्या उन्हाळ्यात एका मोठ्या गिऱ्हाइकाने ऑडिट लावलं आणि पीएफची चलनं मागितली. चलन नाही तर ऑर्डर नाही. कन्सल्टंटकडे गेले. त्यांनी हजेरीपट चाळला आणि विचारलं, "ठेकेदाराची पोरं कुठायत यात?"

"ती आमची नाहीत."

"पीएफला तुमचीच, मॅडम. तेवीस झाले."

ठेकेदाराकडे पीएफचा नोंदणी कोडच नव्हता. म्हणजे चौदा महिन्यांपूर्वीच मी वीस ओलांडले होते.

ज्या महिन्याचा पगार देऊन झाला, त्याची कामगाराची वर्गणी नंतरच्या पगारातून कापता येत नाही. त्यामुळे चौदा महिन्यांचे त्यांचे १२ टक्के आणि माझे १२ टक्के, दोन्ही माझ्याच खिशातून. त्यावर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि दंडाची नोटीस सावकाश येणार ती वेगळी. अण्णांना सांगितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "एफडी मोड."

शेजारच्या गाळ्यातून सल्ला आला: बेसिक आठ हजार दाखव, बाकीचं भत्त्यांत टाक, वर्गणी निम्मी होईल. पण सगळ्यांना सरसकट दिला जाणारा भत्ता बेसिकमध्येच धरायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९मध्ये स्पष्ट केलंय. एकदा मोजणीत फसले होते, दुसऱ्यांदा नको.

नोंदणी त्या मानाने सोपी. श्रम सुविधा पोर्टल, पॅन, लाइट बिल, रद्द केलेला चेक, डिजिटल सही. आठवड्याभरात कोड हातात. खरी परीक्षा बुधवारी संध्याकाळी होती. गुरुवारी आमच्या एमआयडीसीला सुट्टी, म्हणून बुधवारी काम सुटायच्या आत सगळ्यांना पॅकिंगच्या टेबलाभोवती बोलावलं. मी बँकेतली, फळ्यावर आकडे मांडून बसले: तुमचे १२ टक्के, माझे १२, माझ्यातले ८.३३ पेन्शनला, उरलेले तुमच्या खात्यात. लातूरकडचा एक हेल्पर सगळं ऐकून म्हणाला, "ताई, हातात किती पडणार?"

चौदा हजारावर १,६८० कमी. शांतता पसरली. दुसरा म्हणाला, "दोन वर्षांत गावाला जाणार मी. पेन्शन घेऊन काय करू?" त्याला सांगितलं की दहा वर्षं भरली नाहीत तर पेन्शनचे पैसे काढून घेता येतात. त्याचा विश्वास बसला नाही. बसावा तरी का? कापलेले पैसे परत आलेले त्याने कधी पाहिलेच नव्हते.

रात्रभर हिशेब केला. त्या वर्षीची वाढ द्यायचीच होती. पगार पंधरा हजार केला. त्यातून १,८०० कापले तरी हातात १३,२००, म्हणजे तूट आठशेची. मला माणसामागे वाढीचे हजार, शिवाय वर्गणी, विमा, प्रशासन शुल्क मिळून १,९५०. तरीही दोघं सोडून गेले, रोख पगार देणाऱ्या गाळ्यात. त्यातला एक उत्तम टर्नर होता.

मग कागद. आमच्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जून, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. आधारवर मात्र १ जानेवारी. पॅकिंगमधल्या दोघींचं आधार सासरच्या नावाने, बँकेचं पासबुक माहेरच्या. एका दत्तात्रयचं इंग्रजी स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचं. त्या एका अक्षरासाठी तो आधार केंद्रावर तीनदा जाऊन आला आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्धा दिवस मी भरून धरला. यूएएन, म्हणजे प्रत्येकाचा पीएफ क्रमांक, तयार करण्यात जेमतेम दोन तास गेले असतील, नावं जुळवण्यात दोन महिने.

पहिलं चलन १५ तारखेच्या आत भरलं. त्यानंतर चारेक महिन्यांनी तोच लातूरकडचा हेल्पर जेवणाच्या सुट्टीत फोन घेऊन आला. एसएमएसच्या शेवटी एमएआर ही इंग्रजी अक्षरं टाकली की शिल्लक मराठीत कळते, हे त्याला कुणीतरी शिकवलं होतं. आकडा दाखवून म्हणाला, "हे सगळे माझे? तुमचे पण यातच?" काही पेन्शनला गेलेत, बाकी तुझेच, म्हटलं. तो ओरडून मशिनवरच्यांना बोलवायला गेला. माझ्या फळ्याने झालं नव्हतं ते त्याच्या फोनने झालं.

आमचे फोरमन, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांचं मात्र अडलंय. २००९ साली ते दुसऱ्या कंपनीत होते. तिथला पीएफ नंबर त्यांनी पगाराच्या एका स्लिपवर जपून ठेवलाय, प्लॅस्टिकच्या पिशवीत. जुन्या नोंदीत वडिलांचं नाव चुकलंय. दुरुस्तीच्या अर्जावर त्या कंपनीची सही मागतात, आणि कंपनी केव्हाच बंद पडली. गुरुवारी आम्हाला सुट्टी आणि पीएफ ऑफिस चालू, म्हणून मामा आणि मी गुरुवारीच जातो. मागच्या खेपेला खिडकीवरच्या बाईंनी पुढच्या गुरुवारी यायला सांगितलंय.